पूररेषेचे वय

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण केली त्याने स्वतः घर बांधलेले असले पाहिजे. जागा बघायची, पैशांची जुळवाजुळव करायची, गवंडी-सुतार गाठायचे, वाळू-विटांच्या मागे धावायचे. आणि एवढे सगळे निस्तरून घर उभे राहिले की मग कुठे माणूस निवांत होतो. सामान्य गृहस्थाच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा खर्च. तो एकदाच करता येतो. दुसऱ्यांदा करण्याची ताकद फार थोड्यांना असते.

अशा या घराच्या एका शेजारणीविषयी आज बोलायचे आहे. ती शेजारीण म्हणजे नदी. आणि ही नदी पावसाळ्यात कुठवर येईल हे सांगणारी जी एक रेघ सरकारी नकाशावर काढलेली असते, त्या रेघेविषयीही बोलायचे आहे. त्या रेघेला पूररेषा म्हणतात. नदीकाठच्या कितीतरी घरांचे बरेवाईट आज या रेघेवर ठरते. तरीसुद्धा ती कोणी काढली, कशावरून काढली आणि केव्हा काढली, हे विचारणारे लोक थोडे. म्हणून हा विषय.

जुन्या काळी अशा नकाशाची गरज फारशी भासत नसे. आपल्या वाडवडिलांनी गावे बसवली ती पाहून-सवरून. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. कृष्णाकाठची कितीतरी जुनी गावठाणे आजही आजूबाजूच्या रानापेक्षा उंचवट्यावर दिसतात. पाणी किती चढले हे सांगायला माणसांना देवळाच्या पायऱ्या पुरत. शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम आहे. तेथे नदी चढून दत्तमंदिराच्या दक्षिण दारातून पाणी वाहू लागले की त्याला ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणतात आणि भाविक त्या पाण्यात स्नान करतात. पुराचे पाणी हे त्या गावाला अनोळखी पाहुणे नव्हे. ते कोणत्या पायरीवर आले म्हणजे कोणत्या गल्लीत शिरणार, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असते.

पण पुढे वस्ती वाढली. पांढरीवर जागा उरली नाही. घरे उतारावर आली, मग मळ्यात आली, मग नदीच्या पूरपट्ट्यात आली. शहरांभोवती तर पूर्वी जिथे भाताची खाचरे आणि उसाचे फड होते, तिथे प्लॉट पडले. घर घेणारा माणूस परगावचा. त्याला पायरीची खूण कशी ठाऊक असणार? तेव्हा कागदावर खूण करण्याची वेळ आली.

१९७५ साली केंद्र सरकारने पूरक्षेत्राची विभागणी करण्याविषयी एक नमुना कायदा तयार करून सर्व राज्यांकडे पाठवला. मणिपूरने १९७८ साली आणि पुढे राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी तसे कायदे केले. आपल्या महाराष्ट्रात १९८९ साली पाटबंधारे खात्याने एक परिपत्रक काढले आणि दोन रेषांची पद्धत घालून दिली. एक निळी आणि दुसरी लाल.

निळी रेषा म्हणजे साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधली जमीन हे निषिद्ध क्षेत्र. तिथे शेती करावी, बाग करावी, मुलांचे मैदान करावे. घर बांधू नये. निळी आणि लाल रेषा यांच्यामधली जमीन हे नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण अटींवर. जोते उंच पाहिजे, माणसांना बाहेर पडायला वाट पाहिजे, असे निर्बंध येतात. लाल रेषेपलीकडे नदीच्या पुरासाठी म्हणून आडकाठी नाही.

इथवर सारे सरळ आहे. पण या ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मोठा घोटाळा केला आहे. पूर ओसरल्यावर चावडीवर बसलेले एखादे आण्णा म्हणतात, “गुरुजी, मोठा पूर तर येऊन गेला. आता पंचवीस वर्सं काय घोर न्हाई बघा.” यावर गुरुजींनी सांगितले पाहिजे, “आण्णा, नदीला काय पंचांग कळतंय? ती पुढच्या साली पण येईल की!”

शिक्षकांसाठी इथे एक सोपा प्रयोग सांगतो. सातवी-आठवीच्या वर्गात तो सहज होईल. एका डब्यात पंचवीस चिठ्ठ्या टाका. चोवीस कोऱ्या ठेवा आणि एकीवर ‘पूर’ असे लिहा. एका मुलाने डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची, काय निघाले ते वहीत लिहायचे आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायची. ते झाले एक वर्ष. असे तीस वेळा करायचे, म्हणजे तीस वर्षे झाली. घर बांधल्यापासून घरातला लहान मुलगा कर्ता होईपर्यंत एवढा काळ जातोच. आता वर्गातल्या प्रत्येक मुलाने असे तीस-तीस वेळा केले तर काय दिसेल? चाळीस मुलांचा वर्ग असेल तर सुमारे अठ्ठावीस मुलांच्या वहीत निदान एकदा तरी पूर आलेला दिसेल. काहींच्या वहीत तो दोनदा, तीनदाही दिसेल, आणि एखाद्याच्या वहीत लागोपाठच्या दोन वर्षांत दिसेल. हाच प्रयोग शंभर चिठ्ठ्या घेऊन करा. तरीसुद्धा चाळिसांपैकी दहा-अकरा मुलांच्या घरात तीस वर्षांत एकदा पाणी शिरेल.

म्हणजे शंभर वर्षांचा पूर ही पणतवंडांनी पाहण्याची गोष्ट नव्हे. दरवर्षी शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. हे मुलांना डब्यातल्या चिठ्ठ्यांवरून कळते, आणि मुलांना कळले की संध्याकाळपर्यंत ते घरी पोहोचते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. हा सगळा हिशेब रेषा बरोबर असेल तर खरा. रेषा जुनी असेल तर डब्यातल्या चिठ्ठ्याच बदललेल्या असतात, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

रेषा काढतात कशी, ते थोडक्यात सांगतो. तीन गोष्टी लागतात. पहिली, पाणी किती येईल. त्यासाठी मागच्या पुष्कळ वर्षांच्या पावसाच्या आणि नदीच्या विसर्गाच्या नोंदी घेतात आणि त्यांवरून पंचवीस वर्षांतला आणि शंभर वर्षांतला मोठा पूर गणिताने काढतात. दुसरी गोष्ट, ते पाणी वाहून जायला नदीचे पात्र केवढे आहे. त्यासाठी ठिकठिकाणी नदीचे आडवे छेद घेतात. भाकरी आडवी मोडून ती आत किती जाड आहे ते पाहावे, तसे पात्र किती रुंद, किती खोल, काठ किती उभा, हे मोजतात. तिसरी गोष्ट, काठाची जमीन किती उंच आहे. या तिन्हींचा मेळ घालून पाणी किती उंच चढेल ते काढतात, आणि तेवढ्या उंचीच्या जागा नकाशावर जोडत गेले की झाली पूररेषा.

यात तिसऱ्या गोष्टीकडे जरा लक्ष द्या. भूगोलाच्या तासाला आपण सर्वेक्षण खात्याचे जे नकाशे पाहतो, त्यांतल्या ५० हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरांचे अंतर असते. २० मीटर म्हणजे ६५ फूट. डोंगर ओळखायला हे ठीक आहे. पण सांगली-मिरजेकडच्या सपाट मुलखात एका फुटाने पाणी चढले तर ते पार पुढच्या वस्तीपर्यंत पसरते. तेव्हा आपल्या उंबऱ्याला पाणी लागेल की नाही हे कळायला जागेवर येऊन यंत्राने पातळी मोजावी लागते. खोलीत बसून रेघ ओढून भागत नाही.

एवढे करून रेषा बरोबर काढली, तरी ती त्या दिवसापुरती बरोबर. माणसाच्या वयाप्रमाणे नकाशालाही वय असते. ज्या तीन गोष्टींवर रेषा उभी असते, त्या तिन्ही आपल्या डोळ्यांदेखत बदलत चालल्या आहेत.

पाऊस बदलला. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे जवळजवळ दोन फूट पाणी एका दिवसात. कृष्णा आणि कोयना तिथेच उगम पावतात. ज्या रेषेचे गणित त्याआधीच्या नोंदींवर केलेले असेल, तिच्या हिशेबात हा पाऊस नाहीच.

पात्र बदलले. कुठे गाळ साठला, कुठे बांधकामाचा राडारोडा काठावर आणून ओतला, कुठे भराव घालून जागा सपाट केली. नदीवर पूल झाले, पुलांना जोडणारे रस्ते झाले. पूर्वी पुराचे पाणी शेतांवरून पसरत जाई. आता मध्ये रस्त्याचा भराव आला की ते अडते आणि मागे फुगते. ओढ्यांच्या नळ्या झाल्या. मातीत मुरणारे पाणी सिमेंटवरून तडक नदीत येऊ लागले.

आणि काठही बदलला. जिथे ऊस होता तिथे माणसे राहू लागली.

याची उदाहरणे आपल्याच मुलखात आहेत. पुण्याच्या मुठा नदीचे घ्या. खडकवासला धरणातून ६० हजार क्युसेक पाणी सोडले तर ते कुठवर येईल, या हिशेबाने तिथली निळी रेषा ठरलेली. लाल रेषा एक लाख क्युसेकची. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी. २५ जुलै २०२४ रोजी पहाटे धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलेले होते. तेवढ्यात सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत तळमजले पाण्याखाली गेले आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. धरणाखालच्या पावसाचे आणि ओढ्या-नाल्यांचे पाणी त्यात मिळाले होते, हे खरे. पण ओढे-नाले हेही नदीचेच. निम्म्याहून थोड्या अधिक पाण्यात ही अवस्था झाली, तर उद्या पुरते ६० हजार क्युसेक आले म्हणजे ते कागदावरच्या निळ्या रेघेपाशी थांबेल काय? पात्र पुन्हा मोजल्याशिवाय या प्रश्नाला कोणी उत्तर देऊ शकत नाही.

आता कृष्णाकाठी येऊ. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ सालच्या पुरात पाणी ५४ फुटांच्या जवळ पोहोचले. तेव्हा लोक म्हणाले, यापेक्षा मोठा पूर या जन्मी बघायचा नाही. कितीतरी घरांनी २००५ ची खूण धरून जोती उचलली, धान्याच्या कोठ्या त्या खुणेच्या वर ठेवल्या. चौदा वर्षे गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तीन फूट अधिक! तीन फूट म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची. जे खुणेच्या वर म्हणून निर्धास्त होते, त्यांच्या कोठ्या भिजल्या.

कोल्हापूरला पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. तिथे इशारा ३९ फुटांवर आणि धोका ४३ फुटांवर. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंद राहिला. लोकांना वाटले, झाले, हा शंभर वर्षांचा पूर. आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी ५६ फुटांपर्यंत चढले आणि महामार्ग पुन्हा बंद झाला. डब्यातली चिठ्ठी लागोपाठ निघते म्हणतात ती अशी.

कोकणात चिपळूणची गोष्ट थोडी निराळी आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने ते शहर बुडाले. त्यानंतर तिथे निळ्या-लाल रेषांचा प्रश्न ऐरणीवर आला. रेषांच्या आत शहराचा मोठा भाग येतो, मग आम्ही राहायचे कुठे, पडके घर पुन्हा बांधायचे कसे, असे तिथले लोक विचारू लागले. पुढे वाशिष्ठी आणि शिव या नद्यांतला गाळ काढण्याचे काम झाले. तेव्हा लोकांनी आणखी एक रास्त गोष्ट मांडली. गाळ काढल्यावर पात्र जर खोल झाले असेल, तर रेषाही पुन्हा मोजून पाहा. म्हणजे बघा, पुण्याला जुनी रेषा अपुरी ठरते की काय अशी शंका, तर चिपळूणला ती गरजेपेक्षा जास्त जागा व्यापते की काय अशी शंका. दोन्हीकडे मागणी मात्र एकच आहे: आजचे पात्र मोजा.

हा प्रश्न आपल्याच मुलखाचा आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेत १९६८ साली पूरविम्याचा कायदा झाला. सरकार पूरक्षेत्राचे नकाशे काढते आणि नकाशात ज्याचे घर शंभर वर्षांच्या रेषेच्या आत येते, त्याला बँकेचे कर्ज हवे असेल तर विमा घ्यावा लागतो. नकाशे दर पाच वर्षांनी तपासून पाहावेत असेही तिथला कायदा सांगतो. इतके असूनही तिथले पुष्कळ नकाशे मागे पडतात. २०१७ साली ह्यूस्टन शहराला मोठा पूर आला, तेव्हा बुडालेल्या घरांपैकी फार मोठा भाग नकाशावरच्या रेषेच्या बाहेरचा होता. रेषेच्या बाहेर म्हणून त्यांतल्या अनेकांनी विमा घेतलेला नव्हता. पैसा आणि यंत्रे असलेल्या देशाची ही गत. मग आपण तर अधिकच जागे राहायला हवे.

जुन्या रेषेची झळ घरमालकाला कशी लागते ते आता पाहू. ती दोन प्रकारच्या माणसांना लागते, आणि दोघांना उलट-उलट.

पहिला माणूस रेषेच्या आतला. समजा, एक शेतकरी आहे. त्याचे घर आजोबांनी बांधलेले. त्या वेळी रेषा नव्हती. आज ते घर निळ्या रेषेत आले. भिंत खचली, ती नवी बांधायची तर परवानगी मिळत नाही. बँकेत गेला तर कर्ज अडते. मुलीच्या लग्नासाठी जागा विकायची म्हटली तर घेणारा नकाशा बघून मागे फिरतो. घरपट्टी मात्र भरावीच लागते. रेषा खरी असेल तर हे सोसणे एकवेळ समजण्यासारखे आहे, कारण त्यात त्याच्या मुलाबाळांचा जीव वाचतो. पण रेषा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मोजणीची असेल आणि आज पाणी तिथवर येतच नसेल, तर त्या माणसाचे घर एका शिळ्या रेघेपायी अडकले.

दुसरा माणूस रेषेच्या बाहेरचा. हा निवृत्त झालेला शिक्षक समजा. आयुष्याची पुंजी घालून याने नव्या वसाहतीत घर घेतले. विकणाऱ्याने नकाशा दाखवला, “बघा गुरुजी, लाल रेषा तिकडे राहिली.” गुरुजींनी नकाशा पाहिला, पण नकाशाचे साल पाहिले नाही. मग एका रात्री बारा वाजता अंगणात पाणी आले. पुराचा धोका धरलेला विमा नाही, घराला माळा नाही, जिन्याला वर जायची वाट नाही. कारण काय, तर कागदाने सांगितले होते की इथे पाणी येत नाही. माझ्या मते या दुसऱ्या माणसाची फसवणूक अधिक वाईट. पहिल्याला आपल्या दारात संकट आहे हे निदान ठाऊक असते. दुसरा बिचारा गाफील झोपलेला असतो.

इथे कोणी म्हणेल, मग रेषाच नको. रेषा आल्या की त्रास होतो, त्या रद्द करा. हे म्हणणे मला पटत नाही. वैद्याने ताप सांगितला म्हणून वैद्याला घालवून ताप जात नाही. नदीला पसरायला जागा लागते, आणि ती आपण दिली नाही तरी ती घेते. खरी भीती निराळीच आहे. नदीकाठच्या जमिनीला भाव आला की रेषा नदीकडे सरकवावी असे पुष्कळांना वाटू लागते. कागदावर रेघ सरकवणे सोपे. पण रेघ सरकली म्हणून पाणी सरकत नाही. तेव्हा मागणी करायची ती रेषा पुसण्याची नव्हे, सरकवण्याचीही नव्हे. ती पुन्हा मोजण्याची. आणि मोजताना कोणत्या वर्षापर्यंतचा पाऊस धरला, पात्राचे छेद केव्हा घेतले, किती क्युसेक पाणी धरले, हे नकाशावरच लिहिलेले असावे. तसेच नव्या मोजणीत ज्यांची जुनी घरे आत जातील, त्यांना नुसते ‘तुम्ही निषिद्ध’ असे सांगून सोडता येणार नाही. त्यांना उंचावर जागा देणे, घर उचलायला मदत देणे, हा त्या मोजणीचाच पुढचा भाग मानला पाहिजे. नाहीतर कुठलाच गावकरी खऱ्या मोजणीला कबूल होणार नाही.

सरकार मोजेल तेव्हा मोजेल. तोवर आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, गावाने पूरखुणा कराव्यात. पूर ओसरला की भिंतीवर चिखलाची रेघ उमटलेली असते. पहिल्या रंगाच्या हातात ती पुसली जाते. ती पुसण्याआधी शाळेच्या, देवळाच्या, चावडीच्या भिंतीवर ठळक पट्टा मारावा आणि शेजारी तारीख आणि साल लिहावे. २००५, २०१९, २०२१ अशा खुणा एकाखाली एक दिसल्या की गावाचा इतिहास भिंतीवर उभा राहतो. नव्याने आलेल्या माणसाला कोणी काही सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट, शाळेने पूरवही ठेवावी. हे काम शिक्षकांनीच करण्यासारखे. पावसाळ्यात बंधाऱ्याची किंवा पुलाची पाणीपातळी रोज रेडिओवरून, वर्तमानपत्रातून कळते. तिच्यासमोर त्याच दिवशी, त्याच वेळी आपल्या गावात पाणी कुठे आहे, ते लिहायचे. ‘राजाराम बंधारा ४३ फूट, आमच्या गावी पाणी ओढ्याच्या पुलाला लागले.’ अशा चार-पाच पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की बंधाऱ्याच्या आकड्यावरून आपल्या गल्लीत पाणी केव्हा येणार हे गावाला कळू लागते. गावातल्या म्हाताऱ्या आजी-आजोबांनाही विचारावे: तुमच्या लहानपणी पाणी कुठवर आले होते? मुलांनी त्यांची माहिती नावागावासह लिहून घ्यावी. मोजणीदार आले तर ही वही त्यांच्यापुढे ठेवता येईल. अशा नोंदींनी मोजणीचा ताळा पाहता येतो.

तिसरी गोष्ट, नकाशाचे वय विचारावे. घर घेणाऱ्याने, प्लॉट घेणाऱ्याने नुसते ‘रेषेच्या आत की बाहेर’ एवढे विचारून थांबू नये. ही रेषा कोणत्या साली आखली? किती पाण्याच्या हिशेबाने आखली? आणि २०१९ व २०२१ साली या जागेवर प्रत्यक्ष पाणी होते का? हे तीन प्रश्न विचारावेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जलसंपदा खात्याच्या कार्यालयात आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत मिळायला हवीत. तोंडी मिळाली नाहीत तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने लेखी अर्ज करता येतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विकणाऱ्याला विचारू नये. ते शेजारच्या जुन्या घरातल्या बाईमाणसांना विचारावे. घरातला चिखल काढलेला असतो त्यांनी. त्या विसरत नाहीत. आणि घराचा विमा घेताना त्यात पुराचा धोका धरला आहे का, हे कागदावर वाचून घ्यावे.

चौथी गोष्ट, ग्रामसभेत ठराव करावा. ‘आमच्या हद्दीतील नदीची आणि ओढ्यांची पूररेषा नव्याने मोजावी, मोजणीच्या वेळी गावाला कळवावे, आणि नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा,’ एवढा साधा ठराव. शहराचा किंवा गावाचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी मुदत दिलेली असते. बहुतेकदा आपल्याला जाग येते ती मुदत संपल्यावर. त्या वेळी पूरखुणांचे फोटो आणि पूरवहीच्या नोंदी जोडून मुदतीत हरकत दिली, तर तिला वजन येते. नुसत्या गाऱ्हाण्याला येत नाही.

या चार गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. डबाभर रंग, एक वही आणि थोडी चिकाटी लागते.

श्रोतेहो, नदी आपल्याला फसवत नाही. ती दरवर्षी आपली पातळी उघड दाखवते. फसगत होते ती जुन्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवल्याने. धान्याचे पोते घेताना आपण मूठभर दाणे हातावर घेऊन बघतो, बैल घेताना त्याचे दात बघतो. मग आयुष्याची पुंजी जिथे घालायची, त्या जागेची रेषा किती वर्षांची आहे हे विचारायला संकोच का करावा? येत्या पावसाळ्याआधी आपल्या गावाची पूररेषा कोणत्या सालची आहे, एवढे एक शोधून काढा. शाळेच्या फळ्यावर ते साल लिहा, आणि त्याखाली गेल्या तीन मोठ्या पुरांची साले लिहा. पुढे काय करायचे ते मग गावाला सांगावे लागणार नाही.